रानात नाव घ्यायचं नाही

आण्णा, मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर आवाज चढवायची घरात कुणाची छाती नव्हती, आईचीसुद्धा नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. तरीही भांडायचं आहे, आणि आत्ताच. उद्यापर्यंत थांबले तर भांडायचं त्राण माझ्यात उरेल की नाही, सांगता येत नाही. मी कोल्हापुरात एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, आयसीयूच्या दाराबाहेर लोखंडी बाकावर बसले आहे. आत तुमचा धाकटा आहे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको बसली आहे, सकाळपासून तिनं चहाचा घोटही घेतलेला नाही. मी मोबाईलवर एका बोटानं हे टाईप करतेय आणि तिला वाटत असेल, ही बाई तिच्या खानावळीतल्या बायकांना संध्याकाळच्या भाजीचं सांगतेय. वाटू दे.

पहिल्या दिवशी डॉक्टर पायाबद्दल बोलत होते. पाय राहील की काढावा लागेल, काढला तर गुडघ्याच्या वर की खाली. आम्ही नणंद-भावजय त्यावर रडलो, आणि रडून झाल्यावर आता घरात जिना चालणार नाही, खालची खोली रिकामी करावी लागेल, असलं बोलत बसलो. आज डॉक्टर पायाचं नावच काढत नाहीत. मांडी दगडाखाली इतका वेळ चेंगरून राहिली की तिथलं सगळं विष रक्तात उतरलं आणि किडन्या बसल्या, असं त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. मशीन लावलंय. लघवी उतरली तर आशा आहे म्हणे. पन्नाशी गाठलेल्या भावाची लघवी उतरावी म्हणून मी अंबाबाईला साडी बोललेय, हसायचं तर हसा. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "दोन-चार तास आधी बाहेर काढलं असतं तर..." आणि पुढचं गिळून टाकलं. ते दोन-चार तास कुठे गेले हे या दवाखान्यात एकट्या मला माहीत आहे. ते तुमच्यापायी गेले, आण्णा.

तुमचं ते चालणं! आठवडाभर एस.टी.त उभं राहून तिकिटं फाडायची आणि सुट्टी मिळाली की गाडीचं तोंड बघायचं नाही. "गाडीत पाय निस्तं हुबं ऱ्हात्यात, त्यास्नी वाट दावाय पायजे," असं म्हणायचात. दिवाळी झाली की आम्हा दोघांना घेऊन निघायचात, गारगोटीहून पाटगाव, तिथून पुढं रान चढत रांगण्याच्या किल्ल्यापर्यंत, आणि देवीच्या पाया पडून तसंच पायी माघारी. स्वयंपाकघरात आई चुलीपुढं भाकऱ्यांची चवड रचतेय, पाट्यावर खर्डा रगडतेय, आणि तुम्ही दारात पायताण घालून उभे. "आटप की गं, ऊन चढाय लागलं." एका वर्षी तुम्ही दोघांनाही कॅनव्हासचे पांढरे बूट आणलेत. आमच्या गल्लीत पोरींना बूट कोण घेत होतं? शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, पोरीला कशाला हे थेर. तुम्ही म्हणालात, "तिला बी पाय हायत की." ते बूट मी अंगठा बाहेर येईपर्यंत घातले. हे लिहिताना राग जरा खाली बसतोय, म्हणून ते तिथंच सोडते.

पाटगाव मागं पडलं, शेवटच्या वस्तीतलं शेवटचं शेत संपलं, की तिथं एक बांध होता. त्या बांधावर तुम्ही आम्हाला थांबवायचात. "नावं हितं ठिवायची," म्हणायचात, आणि आम्ही दोघं खरंच खिसे झाडल्यासारखं करून बांधावर नावं ठेवायचो. त्यापुढं रानात कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. मारायचीच तर "पावणं" म्हणायचं, आपल्याकडं रस्त्यात भेटल्या कुठल्याही माणसाला म्हणतात तसं. बापाला पावणं, भावाला पावणं. आम्हाला केवढं हसू यायचं. पण पुढचा नियम हसण्यासारखा नव्हता. रानात आपल्या नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही, जागचं हलायचं नाही, गप बसून राहायचं. "माणसाची हाक नसती ती. रानाला एकदा नाव घावलं की ते सोडत न्हाय." असं का, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. धाकटा तुमचं बोट धरून चालायचा आणि प्रत्येक शब्दाला मान डोलवायचा.

मी एकदा ओ दिली होती, आठवतंय का? माझ्या नावानं बाईची हाक आली, अगदी आईसारखी, आणि माझ्या तोंडून "ओ" निघून गेलं. तुम्ही वळून माझ्या तोंडावर हात दाबलात, इतका की दात ओठात रुतले. पुढं थोड्याच अंतरावर एक मोळीवाली बाई भेटली. तिच्या पोरीचं आणि माझं नाव एकच होतं, तिला ती हाका मारत होती. मी रडत रडत म्हटलं, बघा, बाईच होती की. तुम्ही म्हणालात, "आसंल. पर ओ देताना तुला काय म्हाईत हुतं?" आणि देवळापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. त्या दिवशी माझ्या मनातून तो नियम उतरला. तुम्ही उतरला नाहीत, फक्त नियम उतरला. धाकट्याच्या मनात मात्र तो त्या दिवशी पक्का बसला असणार, कारण मार मी खाल्ला होता आणि बघितला त्यानं होता.

या वर्षी जायचं त्याच्याच मनात आलं. इचलकरंजीत माग चालवून चालवून त्याच्या कानाला दडे बसलेत, गुडघे कुरकुरतात. दिवाळीला आला आणि म्हणाला, "आक्का, एकदा आण्णांची वाट चालूया. आनखी चार वर्सांनी तू वर आन् मी दवाखान्यात." असलं बोलणं त्याचं नेहमीचं. मी खानावळ बायकांवर टाकली आणि निघाले. आण्णा, पहिले दोन दिवस इतके चांगले गेले की मला आता त्यांचाही राग येतो. रस्ता रुंद झालाय, ट्रॅक्टर अंगावर धूळ टाकून जातात, पाटगावच्या बाजूला झाडाखाली मधाच्या पेट्या मांडलेल्या. धाकट्यानं बाटलीभर मध घेतला आणि चालता चालता बोटानं चाटत सुटला. एका उतारावर माझा पाय घसरला, मी बुडावर आपटले, तर मदत करायचं सोडून हा पोट धरून हसतोय. शेवटच्या वस्तीत एका घरी पडवीत झोपलो. सकाळी तो बांध लागला, तसाच आहे, थोडा ढासळलाय एवढंच. तिथं हा टेकला आणि म्हणाला, "आक्का, नावं हितं ठिवायची." मी म्हटलं, "वय काय तुझं? पोरगं लग्नाला आलंय." तर गंभीर चेहऱ्यानं त्यानं खिसा झाडला आणि हात पुढं केला. "चला, पावणं."

थोडं चढून गेल्यावर पाणी संपलं. वाटेच्या खाली ओढ्याचा आवाज येत होता. "बाटली भरून आणतो, तू बस," म्हणून तो कारवीच्या झुडपांत शिरला. मी दगडावर बसून बुटातली माती झाडत होते, तेवढ्यात कोकणाच्या बाजूनं धुकं कडा चढून वर आलं. समोरचं झाड दिसेना, माझेच पाय मला दिसेनात. मी म्हटलं येईल, धुकं हटलं की येईल. मग खाली काहीतरी गडगडत गेल्याचा आवाज झाला. गवा असेल, माकडं असतील, असं मी स्वतःला सांगितलं, आणि उठून त्याच्या नावानं हाक मारली.

उत्तर आलं नाही. मी पुन्हा मारली. घरातल्या नावानं मारली, शाळेतल्या नावानं मारली, शेवटी तुमचं नाव आणि आडनाव जोडून हजेरी घेतल्यासारखी मारली. "वर ये, न्हाईतर मी चालली" असा दम दिला. शिव्या दिल्या. दर हाकेला समोरच्या कड्यातून माझाच आवाज माघारी यायचा आणि मग सगळं गप्प. मोबाईलला रेंज नव्हती. कारवी धरून खाली उतरायला गेले तर पायाखाली जमीनच लागेना, तशीच मागं सरपटले. दोघांच्या पिशव्या पडल्या होत्या ती जागा सोडायची हिंमत होईना, कारण तो आला तर तिथंच येणार. मी त्या वाटेवर चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं करत सगळी सकाळ ओरडत होते. घसा फाटला, नुसती हवा निघायला लागली. आण्णा, मी गुडघे टेकून जमिनीला तोंड लावून त्याचं नाव घेतलं, खाली कुठूनतरी झिरपेल म्हणून. तुमचा नियम माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही, आणि सकाळीच मी त्यावरून त्याला हसले होते.

दुपार कलली तेव्हा धुक्यातून म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा धनगर वाटेनं चालला होता. हा गेला तर पुन्हा कोण दिसेल? असेल नसेल तो आवाज लावून मी ओरडले, "ओ पावणं! थांबा, ओ पावणं!"

म्हातारा थांबला. पण तो काही बोलायच्या आत, माझ्या पायाखालून, अगदी खालून, आवाज आला. "ओ!"

अंगणातून परसात हाक जाईल इतकं ते अंतर होतं. मी सगळी सकाळ त्याच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होते. म्हाताऱ्यानं खाली वाकून बघितलं. "कोण हाय वो खाली?" मी म्हटलं, माझा भाऊ. "मग इतक्या येळ मुका बसलावता व्हय?" तो वेलींना धरत उतरला, त्याच्या मागं मी बसत, घसरत उतरले. धाकटा ओढ्यात अर्धा पाण्यात होता, मांडीवर धोंडा. ओठ निळे पडलेले. मला बघून हसला. "लई येळ लावलास, आक्का."

मी म्हटलं, "माझ्या हाका ऐकू आल्या न्हाईत तुला?"

"आल्या की. समद्या आल्या."

"मग?"

"नावानं आल्या," तो म्हणाला.

मला त्याला तिथंच थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि मिठी मारावीशी वाटली, आणि दोन्ही करता आलं नाही कारण धोंडा हलवला तर काय होईल ते कळत नव्हतं. म्हातारा त्याच्या धनगरवाड्यावरची माणसं आणायला पळाला. तोवर मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो थरथरत होता पण बोलत होता, नको म्हटलं तरी. "तू वर हुतीस, आन् हाक यायची समोरच्या कड्यातनं. म्या म्हटलं, हेच की ते. आण्णा म्हणायचं ते हेच. तिकडं तोंड करून ओ दिली तर ते ऐकणार, आन् तू न्हाईस ऐकणार." मग म्हणाला, "आन् ह्या पावण्याला तू हाक मारलीस, त्यात नाव न्हवतं." जणू शाळेत गणिताचं उत्तर समजावून सांगतोय. पाणी इतकं गार होतं की माझ्या पायांना मुंग्या आल्या, आणि तो त्यात सकाळपासून पडला होता.

चार माणसं पहार घेऊन आली. घोंगडं बांबूला बांधून त्याला वर काढलं, आणि मग त्या लोकांनी खांदे बदलत त्याला गाडीरस्त्यापर्यंत आणलं. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. गाडीत मी त्याच्या उशाला बसले होते. तोवर तो जरा गरम झाला होता, दुखायला लागलं होतं, तरी माझा हात धरून त्यानं मला विचारलं, "आण्णा असतं तर खूश झालं असतं, व्हय की न्हाई?"

पन्नाशीचा माणूस, आण्णा. घरात सून यायची वेळ झाली, हाताखाली माणसं कामाला आहेत, आणि दगडाखाली चेंगरून पडला तेव्हा त्याला शाबासकी हवी होती ती तुमची. मी "व्हय" म्हटलं. काय म्हणणार होते? आता तुम्ही सांगा. झाला असता का तुम्ही खूश? तुम्ही आम्हाला रानाचं भय घातलंत ते आम्ही भरकटू नये म्हणून, एवढं मला आज कळतं. कड्याचा आवाज फसवतो, त्याच्यामागं पोर गेलं तर दरीत जातं, म्हणून गप बसायला शिकवलंत. मग एवढंच सांगायचं होतं ना! रानाला नाव घावतं, रान सोडत नाही, हे कशाला? कडा आवाज परततो म्हणून सांगितलं असतंत तर त्यानं विचार केला असता, आक्का ओरडतेय, तिकडून आलेला आवाज इकडचा असेल. पण तुम्ही त्याला कारण दिलं नाहीत, नुसती भीती दिलीत, आणि त्यानं ती इतकी वर्षं जपून ठेवली, तुमची म्हणून. माझ्याकडं ती नव्हती कारण तुम्ही माझ्या तोंडावर हात दाबला होतात. देवाशपथ, त्याच्याही तोंडावर दाबला असतात तर बरं झालं असतं. मी काय लिहितेय मला कळत नाही. मला तो हवा आहे, बस्स. मला त्याच्याशिवाय भाऊ नाही, आई नाही, तुम्ही नाही. मला आक्का म्हणणारं त्याच्यामागं कुणी उरत नाही.

मघाशी सिस्टर बाहेर आली होती. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो. तिनं फक्त मान हलवली, अजून नाही. मी खाली बसले, भावजय उभीच राहिली, भिंतीकडं बघत.

सकाळी डॉक्टर ते बोलून गेल्यावर ती माझ्याजवळ आली होती. गरीब बाई आहे, कधी उलटून बोलली नाही मला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वन्सं, एक इचारतो, राग मानू नगा. त्येनी खालीच हुते म्हणं. मग तुमी हाका मारल्या न्हाईसा व्हय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. तिच्या जागी मीही तोच विचारला असता, आणि इतक्या सावकाश विचारला नसता. माझा घसा अजून बसलेला आहे, तो तिला ऐकू येतोय, तरी तिला विचारावं लागलं, कारण बाकीचं काही तिला जुळत नव्हतं. सगळं सांगायला एवढासा वेळ लागला असता. मी तोंड उघडलंही.

तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा तुम्ही फोटोत गेला होतात. तो फोटो तिच्या देव्हाऱ्याशेजारी आहे आणि तिन्हीसांजेला दिवा लावताना ती एक हात त्या काचेलाही लावते. मी बघितलंय ते, कितीदा.

मी म्हटलं, "मारल्या गं. पण धुक्यात मी भलत्याच अंगाला लांब गेलतो. त्याला ऐकूच गेलं नसंल."

तिनं आमच्या मधली तिची पिशवी उचलली आणि बाकाच्या त्या टोकाला जाऊन बसली. तेव्हापासून तिथंच आहे. आत काही वाईट झालं तर ती जन्मभर माझं तोंड बघणार नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. आता तिला माहेरी फोन लावायचाय, तिचा मोबाईल बंद पडलाय, मला तिला हा द्यायला लागेल. त्याआधी हे सगळं पुसून टाकते. इतकं भांडले तुमच्याशी, आण्णा, पण तुमच्यापासून काय लपवायचं. हे टाईप करायला बसायच्या आधीच, सकाळीच, मी तुमची बाजू घेऊन मोकळी झाले होते.